जावयाला कोण सांगणार?

हसायचं तर हसा, पण चहा संपेपर्यंत मधे बोलू नका. हा किस्सा तुम्ही सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या तोंडून ऐकला असेल, तर तो विसरा. ती फार मीठमसाला लावून सांगते. मी जे खरं घडलं तेच सांगतो. खरं त्याहून वाईट आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. लग्नाला चार वर्षं झाली होती. मी जळगावला सरकारी कचेरीत कारकून, आणि सासुरवाडी दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात. आता खानदेशातल्या खेड्यात जावई म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असेलच. तो उंबऱ्यात आला की घरातली सगळी माणसं उभी राहतात. पहिली भाकरी त्याची, पाटही त्याचाच. त्याला कामाला हात लावू द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो चुकला तरी त्याला चुकलास म्हणायचं नाही. हे शेवटचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, मी चुकतच नाही.

माझे सासरे, आबा, मोजकं बोलणारे. चार वर्षांत ते माझ्याशी एकंदर तीन वाक्यं बोलले होते आणि तिन्ही ‘जेवण झालं का जवाईबापू’ हीच होती. मला त्यांची भयंकर भीती वाटायची. रागावणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, तो कधी रागावेल ते कळतं. आबांचं काहीच कळायचं नाही.

तर या आबांनी साठी उलटल्यावर एक दिवस जाहीर केलं की आपल्याला फिरायचंय. बाजार, कोर्ट आणि सोयऱ्यांची लग्नं सोडून ते आयुष्यात कुठं गेले नव्हते. माझा मेहुणा प्रल्हाद हौशी. त्यानं एका बँडवाल्याची जुनी मॅटॅडोर घेतली. आत फळ्या ठोकून झोपायची सोय केली, स्टोव्ह ठेवायला पत्र्याचं खोकं, पाण्याचा ड्रम, कपडे वाळत घालायला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी. पुढं ड्रायव्हरची खोली वेगळी, मधल्या पत्र्याला एक हातभर जाळी. पौषात लग्नं नसतात, म्हणजे कुणाचं आमंत्रण चुकायला नको, म्हणून पौषातले वीस दिवस ठरले.

आणि निघायच्या दोन दिवस आधी प्रल्हाद माडीवरून पडला आणि त्यानं हात मोडून घेतला.

आबा ओट्यावर बसून नुसतेच आपल्या गुडघ्याला तेल चोळत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्यांनी तेलाची वाटी संपवली आणि रिकाम्या वाटीत बोट घालून पुन्हा चोळायला लागले. मला ते बघवलं नाही. मी म्हणालो, मी चालवतो की.

माझ्याकडे लायसन होतं, हे खरं. कचेरीच्या आवारात मी जीप गोल गोल फिरवायचो, हेही खरं. लग्न ठरताना माझ्या काकांनी ‘मुलगा जीप चालवतो’ असं सांगितलं होतं, त्याचा अर्थ सासुरवाडीनं आपल्या परीनं लावला होता. फक्त एक बारीकशी अडचण होती. मला गाडी मागे घेता येत नव्हती. आवारात गोल फिरणाऱ्याला मागे कशाला जावं लागतं?

निघालो. गाडीत आम्ही पाच जण. पुढं मी एकटा. मागं आबा, सासूबाई म्हणजे माई, आबांची थोरली बहीण अक्का, आणि सुमन. सुमननं पुढं माझ्याशेजारी बसावं असं मला वाटत होतं, पण आईवडिलांसमोर नवऱ्याशेजारी कशी बसणार? शिवाय पुढच्या दाराच्या फटीतून असा गार वारा यायचा की माझा डावा कान तीन दिवस मला जाणवलाच नाही.

जायचं होतं प्रकाशाला, तापीकाठच्या तीर्थाला. दोंडाईच्याच्या चौकात मी रस्ता चुकलो. पंधरा मिनिटांनी पाटी दिसली, शिंदखेडा. मागे वळायचं तर गाडी मागे घ्यावी लागणार. मी जाळीतून, शक्य तितक्या सहजपणे म्हणालो की म्हटलं आधी शिंदखेडा बघून घेऊ.

शिंदखेडा आबांचा तालुका. जमिनीच्या कागदांसाठी ते तिथं महिन्यातून दोनदा जात. तरी दार त्यांनीच उघडलं. सगळे उतरले. माईंनी तहसील कचेरी बघितली. अक्कांनी बसस्टँड बघितलं. ओळखीच्या एकानं विचारलंच, “काय आबा, आज काय काम काढं?”

“काम नही,” आबा शांतपणे म्हणाले. “फिराले निंघनूत.”

मला वाटलं, काय समजूतदार माणसं आहेत! कुठंही रमतात.

पुढचे दिवस असेच गेले. मी वाट चुकायचो आणि त्या वाटेवर जे काही येईल ते माझी सासुरवाडी भक्तिभावानं बघायची. एक बंधारा, कापसाच्या दोन जिनिंग, एक बंद पडलेली पिठाची गिरणी. गाडीच्या पाठीवर अजून सोनेरी अक्षरांत ‘ब्रास बँड’ लिहिलेलं होतं, त्यामुळे प्रत्येक गावात लोक जमायचे. पौषात लग्न कसलं करताय, असं संशयानं विचारायचे. एका गावात तर पोलीसपाटलानं सुमनकडे आणि माझ्याकडे निरखून बघितलं आणि माईंना बाजूला घेऊन, मुलगी कायद्यानं मोठी आहे ना, अशी चौकशी केली.

तोरणमाळला खोबरेल तेल बाटलीत गोठलं. ड्रममधलं पाणी तोंडावर मारलं की रामनाम आपोआप यायचं. स्टोव्ह वाऱ्यानं विझायचा, मग माई आणि अक्का लुगड्याचा आडोसा धरायच्या आणि सुमन खिचडी ढवळायची. सगळे मजेत होते. मी सोडून. मला घास उतरत नसे. घाट उतरताना तर मी सगळ्या देवांना नवस बोललो, काही तर एकमेकांच्या विरोधात बोललो.

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान वाटायला लागला होता. संध्याकाळी मुक्कामाला गाडी कशीही लावा, सकाळी मी तांब्या घेऊन जाऊन येईपर्यंत बघावं तर गाडीचं तोंड बरोबर रस्त्याकडे. मागे घ्यायची वेळच येत नसे. मला वाटायचं, आपल्याला गाडी लावायची नकळत चांगली जाण आली आहे.

शिरपूर, चोपडा करत आम्ही अडावदजवळ उनपदेवला पोचलो. सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचं कुंड. आबांच्या गुडघ्याची खरी आस हीच होती. आदल्या दिवसापासून मीही गरम पाण्याच्या उपयोगावर भाषण देत होतो. पाच मिनिटं डुबकी मारून उपयोग नाही, दोन तास तरी बसायला हवं, वगैरे. कुठं वाचलं होतं म्हणता? कुठंच नाही. आबा पहिल्यांदाच मान डोलवत ऐकत होते, म्हणून मी बोलत सुटलो.

बायकांची अंघोळ आधी झाली. मग आबा नुसता पंचा नेसून कुंडात उतरले. धोतर दोरीवर, सदरा खुंटीला, चपला फळीखाली, चष्मा खोक्यात. सगळं गाडीत. पांढरी टोपी त्यांनी गोधडी गुंडाळून जाळीपाशी उभ्या केलेल्या आपल्या वळकटीवर ठेवली, खाली घडी मोडायला नको म्हणून. त्या टोपीनं माझा घात केला.

मी आबांना म्हणालो, तुम्ही निवांत बसा, तोवर मी गाडी वळवून आणतो. बायकांना म्हणालो, पुढच्या चिंचेखाली थांबतो, तिथं चढा. इतक्यात मागून मुलींच्या शाळेची सहलीची बस आली आणि हॉर्न वाजवायला लागली. तो ड्रायव्हर खाली उतरून मला हातवारे करून सांगू लागला, मागे घे, मागे घे. मागे घेणं शक्यच नव्हतं. मी गाडी सरळ पुढं, एका शेताच्या बैलगाडीच्या वाटेवर घातली, हरभऱ्याला वळसा घालून, कुणाचं तरी कुंपण वाचवून, चिंचेखाली आलो. घटकाभर थांबलो. मागचं दार आपटल्याचा आवाज आला. जाळीतून बघितलं. गोधडी, तिच्यावर पांढरी टोपी.

आबा रोज असेच बसायचे. गोधडी कानापर्यंत ओढून, जाळीला टेकून, झोपलेले. मी गाडी सोडली. मनुदेवीला जायचं होतं.

आणि सांगतो तुम्हाला, त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा चांगली गाडी चालवली! बसचं संकट एकट्यानं निस्तरलं होतं. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, ऊन कोवळं. मधूनमधून जाळीतून बघावं तर टोपी जागची हलत नव्हती. खड्ड्यातसुद्धा नाही. माझ्या हातात गाडी असताना आबांना एवढी गाढ झोप लागावी, याहून मोठं प्रशस्तिपत्रक कुठलं?

वीसएक किलोमीटरवर चहाची टपरी दिसली. मी गाडी बाजूला घेतली आणि आबांचा चहा स्वतःच्या हातानं घेऊन मागं गेलो. जावयानं असं करायचं नसतं, पण मी खुशीत होतो. टोपीपुढं कप धरला आणि हळू आवाजात म्हणालो, आबा, चहा.

आबा बोलले नाहीत. ते नेहमीचंच होतं. मी जरा वाट पाहिली. मग खांद्याला हात लावला, तर टोपी खाली पडली आणि खालून वळकटीचं टोक बाहेर आलं.

कप माझ्या पायावर सांडला. भाजलं, पण ते मला रात्री कळलं. मी खाली उडी मारली. माई टपरीच्या बाकावर बसून बशीत चहा ओतत होत्या. मी विचारलं, आबा कुठं आहेत?

“तठेच शेतस ना, कुंडमा,” माई म्हणाल्या. “तुम्हीच ठेयात ना त्यासले तठे.”

मी ठेवलं? मी?

मग एकेक बाहेर आलं. चिंचेखालून निघालो तेव्हा तिघींनी आबांना पाण्यात बसलेलं बघितलं होतं. आबांनी हात वर केला होता. माईंना वाटलं, जाऊन या म्हणताहेत. त्यांनीही हात हलवला. सुमनला वाटलं, गुडघ्यासाठी दोन तास बसायचं तुमचंच ठरलंय, तोवर तुम्ही आम्हाला कुठं तरी फिरवून आणताय. मग विचारलं का नाहीस, असं मी ओरडलो. सुमननं अक्कांकडे बघितलं.

“निंघताना कोठे म्हनीसन इचारू नही,” अक्का म्हणाल्या. “आनी जवाईले तं नहीच.”

विचार करा. पौषाची थंडी, साठी उलटलेला माणूस, अंगावर ओला पंचा, डोळ्यांना चष्मा नाही. चपला, धोतर, टोपी, सगळं वीस किलोमीटर लांब, माझ्या गाडीत. त्यांना न्यूमोनिया झाला तर? चक्कर आली तर? चाळीस वर्षं टोपीशिवाय दारात न आलेला माणूस. आणि त्या कुंडाभोवती मुलींची अख्खी शाळा!

मी धावत स्टिअरिंगवर बसलो. आता गाडी वळवायची. एका बाजूला टपरी, दुसऱ्या बाजूला कालव्याची पाटचारी. गोल फिरायला हरभरा नाही. मागे घेण्यावाचून सुटका नव्हती. मी गिअरचा दांडा ओढला, ढकलला, दोन्ही हातांनी दाबला. गाडीनं जोरात किंचाळून एक उडी मारली आणि टपरीवाल्याचं दुधाचं पातेलं ढकलून दिलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. खरं सांगतो, मला रडू यायला लागलं होतं.

खिडकीपाशी अक्का आल्या.

“मांगे लेता येत नही तुम्हले,” त्या अगदी मायेनं म्हणाल्या. “आम्हले बठ्ठासले म्हाईत शे.”

सगळ्यांना माहीत होतं! शिंदखेड्यापासून माहीत होतं. रोज सकाळी मी तांब्या घेऊन गेलो की आबा आजूबाजूच्या शेतातली चार माणसं गोळा करायचे आणि माई, अक्का, सुमन, खुद्द दुखऱ्या गुडघ्याचे आबा, सगळे मिळून गाडी ढकलत तिचं तोंड रस्त्याकडे करायचे. मी परत यायच्या आत जागेवर जाऊन बसायचे. जावयाला कमीपणा नको म्हणून!

त्या दिवशीही तेच झालं. टपरीवाला, त्याची गिऱ्हाइकं, माझी सासू आणि माझी आतेसासू यांनी पदर खोचून गाडी वळवली. मी आत राजासारखा बसलो होतो. इतकी लाज मला जन्मात वाटली नाही.

परत जाताना काय अवस्था होती ते विचारू नका. केळीचे तेच मळे, पण मला दिसत नव्हते. मी मनात वाक्यं जुळवत होतो. आबा, माफ करा. आबा, माझं चुकलं. अडावदच्या फाट्याला वळताना मला समोरून येणारी रुग्णवाहिका दिसली आणि मी करकचून ब्रेक दाबला. जवळ आली तेव्हा कळलं, दुधाची गाडी होती.

उनपदेवला पोचलो तर कुंडाभोवती ही गर्दी! मला वाटलं, संपलं. मी दोरीवरचं धोतर ओढलं, टोपी घेतली आणि गर्दीत शिरलो. एका म्हातारीनं माझा दंड धरला आणि म्हणाली, ढकलू नको, रांगेत ये.

रांगेत?

मान उंच करून बघितलं. आबा कुंडात गळ्यापर्यंत बसलेले. जिवंत. डोळे मिटलेले, चेहरा लालबुंद. कुंडाच्या काठावर झेंडूची फुलं, चार केळी, दोन नारळ. शाळेच्या मुली जोडीजोडीनं येऊन नमस्कार करून पुढं सरकत होत्या आणि त्यांच्या बाई हळू आवाजात सगळ्यांना सांगत होत्या की बाबांचं अनुष्ठान आहे, ते दोन तास पाण्याबाहेर येत नाहीत.

नंतर कळलं ते असं. मुलींच्या घोळक्यात ओल्या पंच्यानं उभं राहणं आबांना शक्य नव्हतं. बाईंनी तीनदा विचारलं, आजोबा, तुम्ही बाहेर का येत नाही? आता काय सांगणार? जावई कपडे घेऊन गेला म्हणून सांगावं, तर जावयाची अब्रू गेली. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, नेम शे. पुढचं लोकांनी आपलं आपण केलं.

माझा नंबर लागला. मी कठड्यावर गुडघे टेकले. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मी नुसतं धोतर पुढं केलं. आबांनी एक डोळा उघडला.

“काही घाई नव्हती, जवाईबापू,” ते म्हणाले. “पानी बेस शे.”

मागच्या म्हातारीनं मला विचारलं, तुझे कोण लागतात रे हे? मी सांगितलं, सासरे. तिनं मलाही नमस्कार केला.

आम्ही त्यांना धोतराच्या आडोशानं बाहेर काढलं, गोधडीत गुंडाळलं, गाडीत बसवलं. दार लावलं. लोक बाहेर जयजयकार करत होते. आत आबांनी टोपी घातली, नीट केली, चष्मा लावला. चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. आणि मग चार वर्षं साठवलेलं सगळं एकदम आलं.

“अरविंद, तुले काही अक्कल शे का रे? सासराले पंचामा सोडीसन चालना गया तू! मी हात वर करीसन बोंबली ऱ्हायनू, आनी हाई माय हात हालाडस!”

माई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघायला लागल्या. अक्का थिजल्या. जावयाला नावानं हाक! जावयाला तू! आणि मी? मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी तिथंच फळीवर बसलो आणि खरोखर रडलो. म्हटलं, आबा, मला गाडी मागे घेता येत नाही, मला रस्ते कळत नाहीत, मला पहिल्या दिवसापासून भीती वाटतेय. इथून पुढं मी चुकलो की लगेच सांगत जा, सगळ्यांनी सांगा.

ही माझी खरी घोडचूक. आबांना सोडून गेलो ती नव्हे.

कारण त्यांनी सांगायला सुरुवात केली. जाळीतून चार तोंडं एकदम. ब्रेक दाब. डावीकडं घे. म्हैस दिसत नही का? जळगावजवळ आसोद्याला माझ्या एका मित्राच्या मळ्यात वांग्याच्या भरिताला पोचेपर्यंत माझी गाडी चालवण्यापासून ते भांग पाडण्यापर्यंत एकही गोष्ट सुटली नाही. तिथं पहिली भाकरी मित्राच्या गड्याला गेली. मला शेवटी, कडेची, करपलेली मिळाली. ते आता आजतागायत चालू आहे. जवाईबापू हा शब्द त्या घरात मी परत ऐकला नाही.

आणि आबा? त्यांनी त्याच दिवशी गाडीची चावी माझ्याकडून मागून घेतली आणि कमरेच्या करदोड्याला बांधली. उरलेल्या प्रवासात ते अंघोळीला निघाले की चावी त्यांच्याबरोबर पाण्यात. मला वाटलं, ट्रिप संपली की संपेल. कुठलं काय! मागच्याच महिन्यात ते आमच्याकडे जळगावला आले होते. सकाळी पंचा घेऊन न्हाणीघरात गेले, कडी लावली. मग कडी पुन्हा उघडली आणि हात तेवढा बाहेर आला.

“अरविंद, स्कूटरनी चावी दे.”